म्हातारपणाची उदासी आणि बुद्धी : रोहिणखेडच्या निमित्ताने एक इतिहास

उतारवयातली उदासी आणि उतारवयात मंदावणारी बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात. उदास झालेला म्हातारा हळू बोलतो, विचारलेल्याचे उत्तर उशिरा देतो, कालचे काही आठवत नाही म्हणतो, घरच्या व्यवहारातून अंग काढून घेतो. स्मृतिभ्रंश सुरू झालेला म्हाताराही जवळपास हेच करतो. पहिली अवस्था औषधाने, सोबतीने, समुपदेशनाने पुष्कळदा बरी होते. दुसरी बहुधा वाढत जाते. हा फरक ओळखायला वैद्यकाला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि खेड्यापाड्यांत तो अजूनही पुरता पोचलेला नाही. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहिताना रोगाइतकेच नोंदींकडेही पाहावे लागते: कोणाचे दुःख कागदावर आले आणि कोणाचे वयाच्या खात्यावर टाकून दिले गेले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अशा शोधासाठी चांगली जागा आहे. बुऱ्हाणपूर-खानदेशाकडून वऱ्हाडच्या घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, डोंगराच्या पायथ्याला ते वसले आहे. सैन्यांना याच वाटेने जावे लागे, म्हणून मध्ययुगात त्याच्या परिसरात दोन मोठ्या लढाया झाल्या आणि गावाचे नाव इतिहासग्रंथांत गेले. त्या दोन्ही लढायांच्या मागेपुढे एकेका राजाच्या खिन्नतेची नोंद आहे.

पहिली लढाई १४३७ ची. खानदेशचा सुलतान नासिर खान फारुकी १३९९ पासून गादीवर होता. त्याची मुलगी बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याला दिलेली होती. नवऱ्याचे मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीकडे वळले आहे आणि आपली सासरी उपेक्षा होते, अशी तक्रार तिने बापाकडे केली. नासिर खान बहमनींच्या ताब्यातल्या वऱ्हाडवर चालून आला. बहमनी सरदार खलफ हसन याने रोहिणखेडजवळ त्याला हरवले, पाठलाग करत बुऱ्हाणपूर लुटले आणि धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याशी पुन्हा मात दिली. नासिर खान त्याच वर्षी मेला. फार्सी इतिहासकारांनी त्याच्या मृत्यूचे कारण लढाईतली जखम असे दिले नाही. पराभवाची खंत त्याला खाऊन गेली असे ते सांगतात. जवळजवळ चाळीस वर्षे राज्य केलेल्या, मुलीच्या दुःखासाठी सगळे पणाला लावून हरलेल्या एका वृद्ध बापाचे मन खचले आणि शरीर त्यामागून गेले, एवढे त्या नोंदीवरून कळते.

दुसरी लढाई १५९१ ची. तिच्या मागची हकीकत आणखी बोलकी आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकला आणि त्यानंतर तो हळूहळू माणसांतून उठला. कारभार मंत्र्यांवर टाकून तो एकांतात राहू लागला. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणू लागले. १५८८ मध्ये मुलानेच त्याचा जीव घेतला. मग गादीसाठी झगडे सुरू झाले, महदवी पंथाचा सरदार जमाल खान प्रबळ झाला आणि मुर्तझाचा भाऊ बुऱ्हाण याने खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने रोहिणखेडजवळ जमाल खानाचा पराभव केला. जमाल खान तिथेच पडला.  

या सगळ्याचा वृत्तांत लिहिणारा मुहम्मद कासिम फिरिश्ता मुर्तझाच्या दरबारी नोकरीला होता आणि नंतर विजापूरला गेला. तो वैद्यकाचाही जाणकार होता. ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ या ग्रंथात त्याने हिंदुस्थानातल्या वैद्यकाचे ज्ञान फार्सी वाचकांसाठी एकत्र केले. त्याच्या काळच्या युनानी वैद्यकात खिन्नतेच्या रोगाला मालीखोलिया म्हणत आणि त्याचे मूळ सौदा, म्हणजे काळ्या पित्तात, मानत. सौद्याचा गुण थंड व कोरडा आणि म्हातारपणाची प्रकृतीही थंड व कोरडी, म्हणून खिन्नता उतारवयाला जवळची ठरे. विसर हा मात्र वेगळा विकार होता. त्याला निस्यान म्हणत आणि त्याचे कारण मेंदूतला थंड ओलावा असे सांगत. कारणमीमांसा आज टिकणारी नाही, पण मन खचणे आणि आठवण जाणे यांना हकिमांनी दोन खाती दिली होती ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आयुर्वेदातही असाच विवेक सापडतो. चरकाने रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले आहे. म्हातारपण थोपवण्यासाठी रसायन ही आठ अंगांपैकी एक स्वतंत्र शाखाच मानली गेली, आणि बुद्धीसाठी चार मेध्य रसायने सांगितली गेली: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. शार्ङ्गधर संहितेतली एक गणना तर आजच्या वाचकालाही थांबवून धरते. माणसाच्या आयुष्याच्या दर दहा वर्षांनी एकेक गोष्ट ओसरते, असे तिथे म्हटले आहे. मेधा, म्हणजे नवे चटकन धरून ठेवण्याची शक्ती, चौथ्या दशकात ओसरू लागते. पण बुद्धी नवव्या दशकात, म्हणजे ऐंशीच्या पुढे. नवे शिकण्याचा वेग चाळिशीआधीच कमी होऊ लागतो आणि अनुभवाने आलेली समज पुढे कित्येक वर्षे टिकते, हे आधुनिक मानसशास्त्राचे निरीक्षण याच्या फार जवळचे आहे.

लोकव्यवहाराने मात्र ही मुदत वीस वर्षांनी अलीकडे ओढली. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण महाराष्ट्रभर चालते. म्हाताऱ्याने हट्ट धरला की म्हातारचळ, बोलणे तुटक झाले की भ्रमिष्ट, गप्प बसला की ‘आता याचं असंच’. वऱ्हाडात बुढा-बुढीला करमत नाही, जेवण जात नाही, झोप लागत नाही, हे सगळे ‘घोर’ या एका शब्दात मावते आणि घोर म्हटला की तो मुलाबाळांचा, कर्जाचा, लेकीच्या सासरचा असणार हे गृहीत असते. घोराचे कारण शोधण्यात चूक काहीच नाही. पण कारण सापडले की उपाय शोधणे थांबते, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नुकसान झाले.

संतवाङ्मयाने म्हातारपणाकडे डोळे मिटले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी माणूस भर तारुण्यातच आपल्या जरेचे चित्र डोळ्यांपुढे आणतो: शरीर गळालेले, इंद्रिये निकामी, घरचे लोक कंटाळलेले. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात एका संसारी माणसाची जन्मापासूनची कथा आहे. तिच्या शेवटी तो म्हातारा होतो, ज्या मुलांसाठी खस्ता खाल्ल्या तीच त्याला विटतात आणि तो एकटा रडत बसतो. दोन्ही ठिकाणचा हेतू वैराग्याचा आहे. तरीही कौटुंबिक उपेक्षा आणि वृद्धाचे खचणे यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे मराठीत पूर्वी मांडला गेला होता, हे विसरता येत नाही. त्यांचा विषय दुःखाचे मूळ आणि सुटका हा असल्यामुळे खचलेल्या म्हाताऱ्याची स्मरणशक्ती पुन्हा येते का, हा प्रश्न तिथे निघालाच नाही.

गावगाड्यात म्हाताऱ्यांच्या बुद्धीला एक निश्चित काम होते. वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा झाला की गोतसभा बसे, बलुतेदार आणि शेजारगावचे पाटील जमत आणि जुन्या माणसांना विचारले जाई. बांध कुठून जात होता, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, इनाम कोणाच्या आजाला मिळाले, हे ज्याला सांगता येई त्याची साक्ष महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, लिहिली जात असे. आठवण हाच पुरावा होता. साठीतल्या माणसाची स्मरणशक्ती सर्व गावाच्या उपयोगाची होती आणि म्हणून ती रोज वापरात राहत होती.

बायकांच्या बाबतीत हेच काम जात्यावर चाले. पहाटे दळताना म्हातारी सासू किंवा आजी ओव्या सांगे आणि सून-नात धरून घेई. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या संग्रहात महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्या अशाच बायकांच्या तोंडून. त्यांतल्या बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. अक्षरओळख नसलेल्या बुद्धीचा आवाका केवढा असतो, याचा याहून मोठा दाखला मराठीत नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण आजीच्या आठवणीला लागणारा रोजचा श्रोताही तिच्याबरोबर गेला.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. शेतांना क्रमांक पडले, नकाशे झाले, हद्दीवर दगड आले. न्यायाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, कारण म्हाताऱ्याची साक्ष विकतही घेता येत असे. पण यानंतर शिवेचा तंटा तलाठ्याच्या दप्तरात सुटू लागला आणि पारावरच्या माणसाला विचारण्याची गरज कमी होत गेली. वृद्धांच्या विचारशक्तीच्या इतिहासात हा बदल कुठल्याही रोगाच्या साथीइतका महत्त्वाचा आहे. ज्या क्षमतेला कोणी काही विचारत नाही ती मंदावते, आणि आपल्याला कोणी विचारत नाही ही जाणीव उदासीचे पहिले कारण ठरते.

इंग्रजी अमलाने मनाच्या आजारांसाठी नवी संस्था आणली. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था ठरवली. नागपूरचे इस्पितळ १८६४ मध्ये सुरू झाले आणि आज तेच विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. रोहिणखेडहून मलकापूर गाठले की गाडीने थेट नागपूर, अशी वाट खुली झाली.

त्या वाटेने गप्प बसलेले म्हातारे मात्र गेले नाहीत. कायद्याची रचनाच अशी होती की रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी पकडावा आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा. त्यामुळे इस्पितळात आरडाओरडा करणारे, मारामारी करणारे तरुण पुरुष जास्त आले. वार्षिक अहवालांच्या तक्त्यांत उन्माद, खिन्नता आणि बुद्धिनाश असे ठळक रकाने असत आणि उन्मादाचा रकाना नेहमी भरगच्च असे. शेजारी कारणांचा रकाना असे. त्यात गांजाचे प्रमाण इतके मोठे दिसू लागले की सरकारने १८९३-९४ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. कमिशनने इस्पितळांतले कागद एकेक करून तपासले तेव्हा निघाले की कारण बहुधा पोलिसाने किंवा कारकुनाने अंदाजाने लिहिलेले होते. गांजा ओढत होता एवढे कळले की तेच कारण ठरे. या तपासणीचा धडा गांजापुरता नाही. जी यंत्रणा तरुणाच्या वेडाचे कारण अंदाजाने भरत होती, तिच्याकडून म्हाताऱ्याची खिन्नता आणि म्हाताऱ्याचा बुद्धिनाश यांतला भेद नोंदला जाण्याची शक्यता फारच थोडी होती. १९१२ चा कायदा आला, १९२० नंतर वेड्यांच्या इस्पितळांना मनोरुग्णालये म्हणू लागले, पण वृद्ध माणूस घरच्या ओसरीवरच राहिला.

घरच्यांना काही करावेसे वाटले तर ते देवाकडे नेत. बुलढाणा जिल्ह्यातच पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि मनाने बिघडलेली माणसे घेऊन सर्व धर्मांचे लोक दूरदूरहून येतात. अशा ठिकाणी रुग्णांना साखळदंडांत ठेवण्याची प्रथा देशभर होती. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागून साखळीने बांधलेली माणसे जळून मेली, तेव्हा तिची भीषणता सर्वांसमोर आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे गुन्हा ठरवले. श्रद्धेने येणाऱ्या कुटुंबाची माया खरी असते. पण तिथेही नेले जातात ते बहुधा अंगात आलेले, ओरडणारे, घर सोडून पळणारे. निमूट खंगत जाणारी म्हातारी तिथवरही पोचत नाही.

विसाव्या शतकात विदर्भातल्या गावांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना मिळाली. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सगळ्या वयाची माणसे एकत्र बसतात, भजन म्हणतात. मोझरीच्या गुरुदेव सेवा मंडळाने ही पद्धत गावोगाव रुजवली. वारकऱ्यांचा हरिपाठ आणि भजनी मंडळ आधीपासून होतेच. यांचा हेतू उपचाराचा नव्हता. परंतु रोज घराबाहेर पडणे, पाठांतर चालू ठेवणे, इतरांच्या आवाजात आवाज मिसळणे, न आल्यास कोणीतरी चौकशीला येणे, या चारही गोष्टी आजचे डॉक्टर वृद्धांना आवर्जून सांगतात.

युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हातारपणाच्या विकारांचे मूळ मेंदूत शोधण्याचे काम चालले होते. फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ साली दाखल झालेल्या ऑगुस्ट डेटर या पन्नाशीतल्या बाईला आलॉइस आल्झायमर याने तपासले. ती गेल्यावर तिच्या मेंदूतले बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे मांडले, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन याने आपल्या ग्रंथात त्या रोगाला आल्झायमरचे नाव दिले. यामुळे विसर हा मेंदूचा रोग असू शकतो हे सिद्ध झाले. पण साठीनंतरची प्रत्येक खिन्नताही मेंदू झिजल्याचेच लक्षण असणार, हा समज त्याबरोबर घट्ट झाला.

तो समज मोडला मार्टिन रॉथ याने. इंग्लंडमधल्या ग्रेलिंगवेल इस्पितळात साठीनंतर दाखल झालेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे त्याने पाहिले आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. खिन्नतेच्या रुग्णांपैकी बरेचसे बरे होऊन घरी गेले होते. वार्धक्यातल्या बुद्धिनाशाचे बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आत मेले होते. शेवट इतका वेगळा असेल तर आजार एक कसा असेल? हा साधा प्रश्न विचारायला त्याआधी फारसे कोणी थांबले नव्हते. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून याने इमिप्रामीन या औषधाने खिन्नता कमी होते हे दाखवले. औषध हाताशी आल्यावर फरकाला व्यावहारिक अर्थ आला. लेस्ली किलो याने १९६१ मध्ये ‘भासमान बुद्धिनाश’ या नावाखाली असे रुग्ण वर्णिले, ज्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे सर्वांनी मानले होते आणि जे खिन्नता हटताच पुन्हा नीट विचार करू लागले.

चार्ल्स वेल्स याने १९७९ मध्ये दोन्ही अवस्था ओळखण्याच्या खुणा मांडल्या. त्या आजही डॉक्टर वापरतात आणि घरच्यांनाही उपयोगी आहेत. खिन्नतेतला विसर काही आठवड्यांत जाणवू लागतो. स्मृतिभ्रंश वर्ष-दोन वर्षांत नकळत वाढतो. खिन्न माणूस आपल्याला आठवत नाही म्हणून स्वतः तक्रार करतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा विसर झाकतो किंवा त्याला तो जाणवतच नाही. प्रश्न विचारला तर खिन्न माणूस ‘माहीत नाही’ म्हणून सोडून देतो. दुसरा काहीतरी जवळपासचे, चुकीचे उत्तर देतो. खिन्न माणसाला थोडी आठवण करून दिली तर पुढचे त्याला सापडते.

पुढच्या संशोधनाने ही विभागणी थोडी सैल केली. बऱ्या झालेल्या अशा रुग्णांपैकी काहींना काही वर्षांनी खराच स्मृतिभ्रंश होतो, हे जॉर्ज अलेक्सोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. साठीनंतर पहिल्यांदाच आलेली उदासी कधी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराची, तर कधी स्मृतिभ्रंशाचीच पहिली चाहूल असू शकते. उदासीत सर्वांत आधी मंदावतो तो विचाराचा वेग. लक्ष टिकत नाही, एकामागून एक कामे जुळवणे जड जाते. उपचारानंतर मन सुधारले तरी हा मंदपणा काहींमध्ये उरतो. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या कारणांत उदासी, एकटेपणा, कमी शिक्षण आणि ऐकू न येणे या सर्वांची गणना केली आहे. वऱ्हाडातल्या कित्येक वृद्धांच्या वाट्याला या चारही गोष्टी एकदम येतात.

भारतात हा विषय उशिरा पुढे येण्याचे एक सरळ कारण लोकसंख्येत आहे. १९४० च्या दशकात भारतीयाचे जन्मवेळचे अपेक्षित आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली होता; तरीही म्हातारी माणसे कमी होती हे खरेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे एक कोटी अकरा लाख लोक होते, म्हणजे दर दहांत जवळपास एक. मदुराईत डॉ. ए. वेंकोबा राव यांनी वृद्धांच्या मानसिक आजारांचा अभ्यास देशात आधी रुजवला. मुंबईत डॉ. वास आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले.

मोजण्यातही अडचण होती. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी फोल्स्टाइन यांची छोटी चाचणी वाक्य लिहायला, आकृती काढायला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. जी बाई शाळेत गेली नाही ती इथे नापास होते, तिची बुद्धी कितीही शाबूत असो. हरियाणातल्या बल्लभगढ येथे मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षर लोकांसाठी हिंदीतून चाचणी बसवली, तेव्हा हा अन्याय दूर होऊ लागला. ज्या समाजात हजार ओव्या पाठ असलेली बाई कागदावर मतिमंद ठरू शकत होती, तिथे ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

गोव्यातले काम मराठी मुलखासाठी सर्वांत जवळचे आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गावातल्या लोकांना स्मृतिभ्रंश आणि उदासी यांच्या गोष्टी सांगून विचारले, की हे काय आहे? लोकांनी दोन्ही ओळखल्या, पण आजार म्हणून ओळखल्या नाहीत. विसर म्हणजे वय, आणि उदासी म्हणजे मुलांनी केलेली हेळसांड, असे उत्तर मिळाले. दासबोधातल्या म्हाताऱ्याबद्दलही गावाने हेच सांगितले असते.

अमित डायस, पटेल आणि सहकाऱ्यांनी मग गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. साठीपुढचे १८१ लोक निवडले, ज्यांची उदासी अजून पूर्ण आजार बनलेली नव्हती. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांकडे डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक गेले. अडचण एकेक करून कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची, सरकारी योजना कशी मिळवायची हे त्यांनी सांगितले. वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या १४.४४ टक्के लोकांना पुरता नैराश्याचा आजार झाला, दुसऱ्या गटात ४.४० टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१९ मध्ये छापले गेले. म्हातारपणाची उदासी अटळ असल्याच्या जुन्या समजाला यापेक्षा स्पष्ट उत्तर सापडणे कठीण आहे.

विदर्भात अशीच वाट ‘विश्राम’ या कार्यक्रमाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दाखवली. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, मदत कुठे मिळते हे सांगून, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले. हा कार्यक्रम सर्व वयांच्या प्रौढांसाठी होता. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. शेतकऱ्यांना मानसिक आधार देण्यासाठीच्या राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात तो आला. पण आत्महत्येच्या चर्चेत कर्ता शेतकरीच डोळ्यांपुढे असतो. तो गेल्यावर नातवंडांना सांभाळत मागे राहिलेल्या आईबापांच्या मनाचे काय होते, याकडे अजून पुरेसे पाहिले गेलेले नाही.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आजाराच्या पातळीची आढळली. नैराश्याचे निदान झाल्याचे स्वतः सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. याच पाहणीला जोडून केलेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज निघाला.

आता गावात घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हाती सी-बॅक नावाचा तपासणी फॉर्म असतो. त्यात साठीपुढच्या माणसाला विचारायचे असते, की जवळच्यांची नावे किंवा आपल्या घरचा पत्ता विसरता का? आणि त्याच फॉर्मवर आणखी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, आणि मन खिन्न, निराश होते का? या दोन प्रश्नांचे गुण तीनहून जास्त भरले तर त्या माणसाला आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. घरातले वडीलधारे माणूस महिनाभरात बदलले, गप्प झाले, ‘आता मला काही सुचत नाही’ म्हणू लागले, तर ते वयावर न ढकलता आशाताईंना सांगावे, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावे, आणि विसर तपासण्याआधी त्याच्या मनाची तपासणी करून घ्यावी.